जेव गो बाय

"'जेव गो बाय' म्हण," सानिका म्हणाली. "त्या मावशी म्हणाल्या होत्या ना, अगदी तसं. त्याच टोनमध्ये."

आखातातलं शहर, जुफैरमधला टॉवर, नववा मजला, मंडळातल्या एकीचा फ्लॅट, शुक्रवारची दुपार. माझ्या अंगात माझ्या आईचा युनिफॉर्म. निळा, चौकटीच्या कॉलरचा, कोपरापर्यंत बाह्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहाचे कप. माझ्या शेजारी आणखी तिघी तशाच उभ्या. त्यांच्याही अंगात मोलकरणीचे कपडे, पण दुकानातून नवे आणलेले, घडीच्या रेघा तशाच असलेले. समोर सोफ्यावर सात जणी. सातही जणींच्या हातात फोन.

त्या दिवसाला त्यांनी नाव दिलं होतं मेड डे. सिस्टरहूडमध्ये घ्यायच्या आधीची ही शेवटची परीक्षा. दुपारभर मोलकरीण व्हायचं. त्या म्हणणार, "यल्ला, चाय," म्हणजे चल, चहा आण. आपण म्हणायचं, "येस मॅडम. मफी प्रॉब्लेम, मॅडम," म्हणजे काही अडचण नाही. वाकून चालायचं, इंग्रजी मोडून बोलायचं. जी जास्त हसवेल ती जास्त चांगली.

मी म्हटलं.

खोटं कशाला सांगू? म्हटलं मी. "जेव गो बाय. पोटभर जेव." आईच्या आवाजात, आईसारखी मान जरा तिरकी करून. छान जमलं. मला नाही जमणार तर कोणाला जमणार? सोफा हसून हसून लोळला. ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता त्याही हसल्या.

"थांब, थांब, माझा कॅमेरा चालूच नव्हता," सानिका म्हणाली. "परत एकदा."

त्या 'परत एकदा'पर्यंत मी कशी जाऊन पोचले ते आता सांगते. सांगताना स्वतःला वाचवणार नाही.

आम्ही मआमीरला राहतो. सित्राचे कारखाने आमच्या गल्लीला लागूनच आहेत. वारा फिरला की गॅसचा वास घरात येतो आणि वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागतात. बाबा पाइप फिटर. आई एका खासगी दवाखान्यात हाउसकीपिंगला. आमचं मूळ गाव महाडच्या बाजूला. घरात भिंतीवर बुद्ध आहे आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यामुळे आम्ही कोण ते कोणाला पटकन कळत नाही. या झाकलेपणाचा फायदा घ्यायची सवय मला शाळेतच लागली होती. कोणी विचारलं, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा, तर मी म्हणायचे, दीड दिवसांचा. बिनदिक्कत. आई घरी मराठीत बोलायची आणि मी तिला इंग्रजीत उत्तरं द्यायचे. तिला निम्मं कळायचं, निम्मं ती सोडून द्यायची.

कॉलेजात मी दीड वर्ष एकटी होते. बसने जायचं, तास करायचे, बसने यायचं. बाकीच्या मुली गाड्यांतून यायच्या, माहूजच्या नाहीतर जुफैरच्या. मला कोणी वाईट बोलत नव्हतं. मला कोणी बोलतच नव्हतं. कॅन्टीनमध्ये मी फोनमध्ये तोंड खुपसून जेवायचे, म्हणजे एकटी आहे असं दिसू नये.

मग सानिका आली. वडील बँकेत मोठ्या जागेवर, माहूजला मोठा फ्लॅट, मूळचे पुण्याचे. तिची थोरली बहीण अमेरिकेत शिकून आली होती आणि येताना तिकडची पद्धत घेऊन आली होती. मुलींचं मंडळ काढायचं, त्याला ग्रीक अक्षरांचं नाव द्यायचं, हूडी, पिन, शपथ. थोरली परत अमेरिकेला गेली, धाकटीने चालू ठेवलं. कॉलेजचा त्याच्याशी संबंध नव्हता. कॉलेजला माहीत होतं, पण डोळेझाक होती. आत येणाऱ्या मुलीला पहिलं सेमिस्टर 'प्लेज' म्हणायचे. प्लेजला एक 'बिग सिस्टर' मिळायची. माझी बिग सानिका.

घरी सांगितलं तेव्हा आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. मी म्हटलं, "आय ॲम जॉइनिंग अ सिस्टरहूड."

आई वळली. "सिस्टर म्हंजे नर्स काय गो? आनि तुझं अकाउंटचं?"

मला हसू आलं. पण तिचं चुकलं नव्हतं. तिच्या दवाखान्यात बायका दोनच प्रकारच्या. सिस्टर आणि मावशी. सिस्टर सांगते, मावशी पुसते. केरळच्या सिस्टरही तिला मावशीच म्हणतात, पूर्वी कोणीतरी मराठी माणसाने म्हटलं आणि ते चिकटलं. तिचं नाव सुनंदा आहे हे तिथे फक्त तिच्या आयडी कार्डाला माहीत.

"म्हंजे तू सिस्टर होनार," आई म्हणाली. मी समजावलं नाही. चार दिवस ती शेजारच्या बाईला सांगत होती, बाय सिस्टर होनार.

फायदे नव्हते असं मी म्हणणार नाही. खरे फायदे होते. परीक्षेआधी नोट्स मिळायच्या. मला उभं राहून बोलता येत नव्हतं, कागदातून मान वर निघायची नाही. सानिकाने मला आरशासमोर उभं करून शिकवलं, कागदाकडे न बघता कसं बोलायचं, कुठे थांबायचं. ते आजही माझ्या उपयोगाला येतं. एकदा मला कॉलेजात ताप भरला तर तिने मला स्वतःच्या गाडीतून घरी नेलं, तिच्या घरी, स्वतःच्या पलंगावर झोपवलं आणि कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. माझ्या वाढदिवसाला बारा जणी केक घेऊन आल्या. माझ्यासाठी कोणी गाणं म्हणावं हे मला नवीन होतं. मी घरी येऊन बाथरूममध्ये रडले.

आणि सगळ्यात मोठा फायदा नोकरी. या मंडळातल्या जुन्या मुली आता ऑफिसांमध्ये वर गेल्या होत्या. एक जण ऑडिटच्या कंपनीत होती, ती दर वर्षी दोघींना आत घ्यायची. पिन असलेल्या दोघींना. नोकरी, सोबत व्हिसा. बाहेरच्यांना हे कळणार नाही. इथे जन्म गेला तरी आपण कोणाच्या तरी व्हिसावर असतो. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट त्याच वर्षी संपत होतं. ते परत जाणार हे ठरलं होतं. मला नोकरी लागली तर मी इथे. नाही लागली तर महाडच्या त्या गावात, जिथे मी सुट्टीत पाहुणी म्हणून गेलेले आणि जिथे पाण्याच्या नळावर कोण आधी, कोण मागून हे अजून सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला तिथे जायचं नव्हतं. त्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते. काय वाटेल ते म्हणजे नक्की काय, याचा विचार केला नव्हता.

सुरुवात साध्या गोष्टींनी झाली. सानिकाची बॅग उचलायची. तिचा फोन दोन रिंगांत घ्यायचा. "येस, सिस्टर" म्हणायचं. मग तिने माझा बायोडेटा नीट करून दिला. आधीपेक्षा खूप चांगला केला, खरंच. शेवटी पत्त्यावर आली.

"मआमीर नको गं लिहूस. लेबर कॅम्पमध्ये राहतेस असं वाटतं. आमचा माहूजचा पत्ता टाक."

मी टाकला.

"आईचं काय लिहायचं?"

"हेल्थकेअरमध्ये आहे," मी म्हटलं.

"अरे वा. डॉक्टर?"

"नाही. ॲडमिन."

एकदा तिच्या आईने जेवायला बोलावलं. वाढता वाढता त्या विचारत होत्या. मूळ गाव कुठलं, आडनाव काय, महाडला त्या आडनावाचे म्हणजे कोण? मी घास गिळला आणि म्हटलं, "आमचे आजोबा लहानपणीच मुंबईला गेले, मला जास्त माहीत नाही." आजोबा मरेपर्यंत त्याच गावात होते. कोणाच्या तरी शेतावर. मी एका घासात त्यांना मुंबईला पाठवलं.

तर असं माझं एक घर, एक पत्ता, एक आई आणि एक आजोबा तयार झाले. माझ्या घरात राहणारी माणसं त्यात कुठे बसत नव्हती.

मग डब्याचा दिवस. प्रत्येक प्लेजने आपल्या घरचं जेवण जुफैरच्या फ्लॅटवर आणायचं, सगळ्या सिस्टर्सना वाढायचं. आईला सांगितलं तर ती हरखून गेली. तिने आदल्या दिवशी वाटाणे भिजत घातले. काळ्या वाटाण्यांची उसळ, तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी वेगळ्या डब्यात, कोणी खात नसेल तर म्हणून. मला सकाळी तास होता, एवढे डबे बसमधून नेता आले नसते. आई म्हणाली, "माझी शिफ्ट बारा वाजता सुटते. जुफैर वाटेवरच. मी आनून देते."

मी म्हटलं, "खाली ये, वर येऊ नको. फोन कर, मी खाली येते." पत्त्याचा कागद घेऊन तिने मान हलवली.

तिने फोन केला होता. माझा फोन बॅगेत होता आणि बॅग बेडरूममध्ये.

बेल वाजली. दार सानिकाने उघडलं. मी पॅसेजमध्ये कोकच्या दोन बाटल्या धरून उभी होते. दारात आई. अंगात युनिफॉर्म, दोन्ही हातांत पिशव्या, कपाळावर घाम. केस कामाच्या वेळी बांधते तसेच घट्ट बांधलेले.

सानिकाने तिच्याकडे बघितलं. म्हणजे कपड्यांकडे बघितलं. मग हसून म्हणाली, मराठीतच, "हां, या ना मावशी. किचनमध्ये ठेवा."

मराठी ऐकून आईचं तोंड उजळलं. आत आली, चपला बाहेर काढून आली. पिशव्या ओट्यावर ठेवल्या. माझ्याकडे बघितलं आणि थांबली. आता मी पुढे होईन, म्हणेन ही माझी आई, मग ती सगळ्यांकडे बघून हसेल, अशी थांबली होती. मी कोकच्या बाटल्या घट्ट धरल्या. बायोडेटातली आई माझ्या डोळ्यांपुढे आली.

"मावशी, जाता जाता सिंकमधले तेवढे कप घ्याल का जरा?" सानिका म्हणाली.

आईने कप धुतले. पाच-सहा कप. पुसून उलटे ठेवले. हात युनिफॉर्मला पुसत सानिकाला म्हणाली, "जेव गो बाय. पोटभर जेव."

आणि दारापाशी गेली. दारात परत माझ्याकडे वळली. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी बोलले. म्हटलं, "थँक्यू, मावशी."

मी. माझ्या आईला.

माझ्यासोबत प्लेज असलेली शिफा तिथेच प्लेटा लावत होती. रत्नागिरीकडची, वडिलांचं मनामात दुकान, घरी कोकणी-मराठी बोलणारी. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत आईकडे बघितलं. आम्हा दोघींचं कपाळ आणि भुवया सारख्या आहेत, आंधळ्यालाही दिसेल. मग ती प्लेटा लावत राहिली.

त्या दिवशी सगळ्यांनी जेवण चाटूनपुसून खाल्लं. "तुमची मेड काय बनवते यार," कोणीतरी म्हणालं. मी तिला आणखी एक भाकरी वाढली.

संध्याकाळी घरी गेले. आई तांदूळ निवडत बसलेली. वर बघितलं नाही.

"पोरगी चांगली हाय ती," म्हणाली. "मला मावशी म्हनाली."

एवढंच. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, सुटले. बिचारीला वाटलं असेल, लेकीच्या मैत्रिणीने नात्याने हाक मारली. आपल्यात मावशी म्हणजे आईची बहीण, आईच्या जागी असलेली. पोटची माया लावणारी. आईला तोच अर्थ लागला असं मी धरलं. धरून चालणं मला सोयीचं होतं.

तीन आठवड्यांनी मेड डे ठरला. जिने तिने कपडे आणायचे. मी नवे विकत घ्यायला निघाले होते, मग वाटलं कशाला, घरात आहेत. आईकडे तिचा युनिफॉर्म मागितला. म्हटलं, कॉलेजात ड्रामा आहे.

"काय ड्रामा?"

"हॉस्पिटलचा."

"मावशीचा पार्ट तुझा काय?"

"हो."

आईने कपाटातून दुसरा जोड काढला. धुतलेला होता, तरी परत इस्त्री केली. खिशाची एक बाजू उसवली होती ती शिवली. माझ्या हातात देताना म्हणाली, "कर. जमल तुला."

मी तेव्हा हे बोलणं सरळ घेतलं. आता घेत नाही.

तर मेड डे. "परत एकदा," सानिका म्हणाली. "आणि हात पुसत पुसत म्हण. त्या पुसत होत्या ना?" मग बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं, की हिच्या घरी खरोखरची अशी एक मेड आहे, सो स्वीट, हा युनिफॉर्म तिचाच आहे, ओरिजिनल. एकीने पुढे येऊन माझी बाही चाचपली. कापड बघावं तशी.

मी शेजारी बघितलं. शिफा ट्रे धरून उभी होती, मान खाली. पहिल्या वेळी ती हसली नव्हती. सगळ्या खोलीत तेवढी एकच हसली नव्हती. तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे. तिच्यासमोर मी माझ्या आईची नक्कल केली होती. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. युनिफॉर्मला दवाखान्यातल्या फिनेलचा वास येतो, कितीही धुतला तरी. घामाबरोबर तो वर आला. लहानपणी ताप आला की मी याच वासाला चिकटून झोपायचे.

सानिकाने फोन वर धरला. लाल ठिपका दिसला.

"बोल," ती म्हणाली.

मी ट्रे खाली ठेवला. म्हटलं, "ती माझी आई आहे."

"काय?"

"डबा घेऊन आलेली. कप धुतलेली. माझी आई आहे ती. सुनंदा नाव आहे तिचं. दवाखान्यात पुसते. आम्ही मआमीरला राहतो. गणपती बसत नाही आमच्याकडे. आजोबा गावातच मेले."

हे मराठीत झालं. सानिकाला आणि शिफाला कळलं. बाकीच्या अजून हसायच्या तयारीत होत्या, त्यांना वाटलं नाटक चालू आहे. मग मी तेच इंग्रजीत सांगितलं. मग हिंदीत. कागदाकडे न बघता, मध्ये नीट थांबत, तिनेच शिकवलं होतं तसं.

सानिकाने फोन खाली घेतला. तिचं तोंड पडलं होतं. ती वाईट मुलगी नाही, हे मला आजही म्हणायचं आहे. तिला खरंच वाईट वाटलं. जवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली,

"अगं, मग सांगायचंस ना. मी काकू म्हटलं असतं."

दोन वर्षं मला जे नेमकं सांगता येत नव्हतं ते या एका वाक्यात सापडलं. मैत्रिणीची आई काकू. पुसणारी ती मावशी. हा हिशोब तिच्या डोक्यात इतका पक्का होता की माफी मागतानाही तोच बाहेर आला. माझ्या आईचं काय चुकलं? तर तिला योग्य खान्यात टाकलं नाही, एवढंच. आता टाकू. ती बिचारी काकू होऊन जाईल आणि मावशीच्या खान्यात दुसऱ्या कोणाची तरी आई राहील, कप धुवायला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मी तुझी सिस्टर ना?" मी विचारलं.

"अर्थात."

"मग माझी आई तुझी कोण?"

तिने माझा हात सोडला. सोपा प्रश्न होता. कोणत्याही पोराला विचारा, बहिणीची आई आपली कोण. सानिकाने विषय बदलला. म्हणाली, "हे बघ, तू आत्ता अपसेट आहेस. ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जाणार नाही, मी प्रॉमिस करते. पुढच्या शुक्रवारी तुला पिन मिळेल. तुझं नाव मी ऑडिटवाल्या ताईंना दिलंय. त्यांनी हो म्हटलंय."

खोलीच्या बाहेर जाणार नाही. म्हणजे झाकून ठेवू. तिच्या दृष्टीने ती माझ्यावर उपकार करत होती. आणि मी खरं सांगते, त्या क्षणी माझं मन डळमळलं. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट, महाडचा नळ, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची मला चांगली सवय होती.

"बाहेर जाऊ दे," मी म्हटलं. "मीच सांगणार आहे. आणि माझं नाव काढून टाक."

बॅग घेतली. कपडे बदलायला थांबले नाही. शिफाने माझ्याकडे बघितलं, ओठ हलले, पण ती रांगेतून हलली नाही.

खाली लॉबीत सिक्युरिटीवाला उठून आला. सकाळी मी जीन्समध्ये होते तेव्हा याच माणसाने मला सलाम केला होता. आता त्याने माझा चेहरा बघितलाच नाही. "मेड लोग का लिफ्ट पीछे है," म्हणाला. "नेक्स्ट टाइम पीछे से."

तेव्हा मला कळलं, आई त्या दिवशी मागच्या लिफ्टने वर आली होती. मागचं दार शोधत, दोन्ही हातांत डबे घेऊन, इमारतीला वळसा घालून. ती कशी आली, हे मी तिला विचारलंही नव्हतं.

मी तशीच बसने घरी गेले. बसमध्ये कोणी माझ्या शेजारी बसलं नाही, किंवा बसले असतील, मी बघितलं नाही. आई घरी होती. मी दारातच सगळं सांगून टाकलं. नक्कल केली तेसुद्धा. मराठीत सांगितलं. अडखळत, कारण इतकं लांब मराठी मी तिच्याशी कधी बोललेच नव्हते.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय कललं नव्हतं काय? दवाखान्यात दिवसभर तीच हाक आयकते मी. कोनती मावशी नात्याची आनि कोनती फडक्याची, आवाजावरनं समजतं."

"मग तू बोलली का नाहीस? चांगली मुलगी आहे म्हणालीस."

"मग काय म्हनू? तुला तिथं राहायचं होतं." तिने माझ्याकडे बघितलं. "तिनं म्हनलं त्याचं मला काय नाय. ती परकी. तू म्हनलीस."

मी तिच्या पायाशी बसले. तिने मला उठवलं नाही, दूरही केलं नाही. मग म्हणाली, "युनिफॉर्म काढ. उद्या लागंल मला."

याला आता दोन वर्षं होतील. ऑडिटच्या कंपनीत मला नोकरी मिळाली नाही. शिफाला मिळाली. मी तिला दोष देत नाही, तिच्याही घरी कोणीतरी वाट बघत असेल. कधी रस्त्यात दिसली तर ती नजर चुकवते. सानिका बहिणीकडे अमेरिकेला गेली. जाण्याआधी तिचा मेसेज आला होता, तुझे व्हिडिओ सगळ्यांनी डिलीट केलेत. म्हणजे पहिला व्हिडिओसुद्धा कोणीतरी घेतला होता. म्हणजे माझा आवाज माझ्या आईची टिंगल करताना कुठेतरी आहे. डिलीट झालाही असेल. मी म्हटलेलं काही डिलीट होत नाही.

बाबा गावी गेले. मी सित्रामध्ये स्पेअर पार्ट्सच्या एका गोडाउनमध्ये कारकून आहे. व्हिसा आहे. दिवसभर डिझेलचा वास आणि फोनवर ओरडणारे ड्रायव्हर. अर्ज भरताना पत्त्यात मआमीर लिहिलं. आईचं काम, हाउसकीपिंग. मालकाने वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्याला फक्त टायपिंग हवं होतं.

मागच्या महिन्यात मी आईला घ्यायला दवाखान्यात गेले होते. व्हरांड्यात एक मराठी जोडपं बसलं होतं, चांगल्या घरचं. त्यांच्या मुलाच्या हातून ज्यूस सांडला. बाई न वळताच म्हणाली, "ओ मावशी, इकडे पुसा."

मी विचारलं, "कोणाची मावशी?"

त्या बाईला कळलं नाही. "काय?"

"कोणाची मावशी? तुमची की मुलाची? तुमच्या घरी येते का? तुमच्या ताटात जेवते का?"

बाई नवऱ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "त्यांचं नाव सुनंदा आहे. बिल्ल्यावर लिहिलंय." आवाज चढला नव्हता माझा. काउंटरवरच्या सिस्टरने मान वर केली.

आई फडकं घेऊन आली, खाली बसून पुसलं, उठली. बाहेर आल्यावर माझ्यावर कडाडली. "माझी नोकरी घालवशील एक दिवस. तुला काय जातं तोंड उघडायला?" तिचं खरं आहे. तिचाही व्हिसा याच दवाखान्याचा आहे. जाईल तिचंच. मी तिला कबूल केलं की तिच्या ड्युटीच्या वेळी तिथे तोंड उघडणार नाही. दुसऱ्या कुठल्याही जागेचं कबूल केलं नाही.

घरी आल्यावर तिने ताट वाढलं. पूर्वी रोज म्हणायची, पण त्या मेड डेपासून तिने मला एकदाही "जेव गो बाय" म्हटलेलं नाही. शेजारच्या पोरींना म्हणते, कामावरच्या नव्या मुलीला म्हणते. मला म्हणत नाही. तिचं वाक्य मी सोफ्यासमोर उभी राहून हसायला दिलं, ते परत मागायचं तोंड मला नाही, आणि मी मागणारही नाही.

"जेवून घे," ती म्हणाली.

मी जेवले. हे मराठीत लिहितेय, कारण 'मावशी' हा शब्द मराठी आहे आणि तो वापरणारी माणसं हे वाचतील. तुमच्या घरात, ऑफिसात, दवाखान्यात कोणाला मावशी म्हणत असाल तर कधीतरी मी तिथे असेन. मी विचारणार आहे, कोणाची.